डॉ. सलीम अली : आधी बघायचं, मग फोटो काढायचा



दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. 5 नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. शाळेत या आठवड्यात पोस्टर होतात, घोषवाक्यं होतात, एक-दोन भाषणं होतात. भाषणात चिमणीची गोष्ट हमखास येते आणि तिथंच सलीम अली संपतात. यंदा त्यांचं पूर्ण आयुष्य मुलांपुढे ठेवावं असं वाटलं. त्याला कारण घडलेला एक प्रसंग आहे. तो आधी सांगतो.

हा पाठ का घेतला?

आमच्याकडे येणारी बरीच मुलं कागल पंचतारांकित एमआयडीसीत काम करणाऱ्यांची. कुणाचे वडील फाउंड्रीत, कुणाची आई कापडाच्या युनिटमध्ये. कसबा सांगाव, तळंदगे, हुपरी, पट्टणकोडोली या बाजूची ही मुलं. एमआयडीसी म्हटलं की शेड, चिमणी, ट्रकची रांग एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण तिथं रिकामे प्लॉटही असतात. मुरूम-खडी पसरलेले, कडेला गवत वाढलेले. पावसाळ्यात सखल जागी पाणी साचतं आणि बगळे, वंचक, शेकाटे येऊन उभे राहतात. उन्हाळ्यात त्याच खडीवर टिटवी अंडी घालते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सहावीतला एक मुलगा वडिलांच्या मोबाइलवर फोटो दाखवायला आला. खडीत ठेवलेली चार अंडी, मातकट रंगाची, काळे ठिपके. फोटो खरंच छान होता, आणि मीही आधी त्याचं कौतुकच केलं. मग विचारलं की टिटवी कुठंय. तो म्हणाला की ती डोक्यावर ओरडत फिरत होती. चार-पाच मित्र होते, प्रत्येकानं फोटो काढला, अर्धा तास तरी गेला असेल. वेळ भर दुपारची.

टिटवी उन्हाळ्यात अंडी उबवते असं आपण म्हणतो, पण दुपारी ती खरं तर अंड्यांवर सावली धरून बसलेली असते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तो अर्धा तास अंडी उघडी तापत होती. दोन दिवसांनी मुलं परत गेली तेव्हा अंडी नव्हती. कुत्र्यानं नेली की कावळ्यानं, कोण सांगणार? मुलगा गप्प झाला होता. त्याला रागवावं असं मला वाटेना, कारण आपण त्याला फोटो काढायला शिकवलं होतं, पण पक्ष्याकडे बघायला शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी वर्गात सलीम अलींची गोष्ट काढली. तिची सुरुवातही अशाच एका मुलापासून होते. फक्त त्याच्या हातात मोबाइल नव्हता, बंदूक होती.

बालपण आणि छर्‍याची बंदूक

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी या पोरक्या भाच्यांना सांभाळलं.

मामा शिकारीचे शौकीन. त्या काळी मोठ्या घरांत शिकार हा खेळच समजला जाई. दहाएक वर्षांच्या सलीमला छर्‍याची खेळण्यातली बंदूक मिळाली आणि तो चिमण्या टिपू लागला. एकदा पडलेली चिमणी हातात घेतल्यावर तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. रोजच्या चिमणीला असा डाग नसतो. त्यानं मामांना विचारलं. मामांनाही सांगता येईना, पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे पाठवलं.

मिलर्ड यांनी पक्षी ओळखला. ती पीतकंठी चिमणी होती. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मुलाला संस्थेतले पेंढा भरून जतन केलेले पक्षी कपाटांतून काढून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली, पक्ष्याचं कातडं कसं जपून ठेवायचं ते शिकायची सोय केली.

शिक्षकांनी इथं थोडं थांबावं. एका मुलानं प्रश्न आणला. घरच्या मोठ्या माणसानं, आपल्याला माहीत नाही, हे मान्य केलं आणि योग्य जागी पाठवलं. तिथल्या माणसानं मुलाला वेळ दिला. सलीम अली घडले ते या तीन गोष्टींमुळे. आपल्या वर्गात असा मेलेला पक्षी घेऊन कुणी आलं, तर आपण पहिल्यांदा काय करू? बहुतेक हात धुवायला पाठवू. तेही करायलाच हवं, पण त्याचा प्रश्न तिथंच राहू नये.

पदवी नाही, नोकरी टिकत नाही

अभ्यासात सलीम हुशार नव्हते. डोकेदुखीच्या त्रासानं शाळेत खंड पडला. 1913 मध्ये कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेजात मन रमेना, म्हणून शिक्षण सोडून ब्रह्मदेशात तॅव्हॉय इथं गेले. तिथं घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलातच त्यांचा वेळ जास्त जाई. 1917 मध्ये परत आल्यावर मुंबईत वाणिज्याचे वर्ग आणि त्याबरोबर फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून सेंट झेविअर्समध्ये प्राणिशास्त्र, असं दोन्ही चालू ठेवलं. डिसेंबर 1918 मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, पण पदवी नसल्यामुळे ती मिळाली नाही. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांना निसर्ग दालन समजावून सांगण्याचं काम मिळालं. दोन वर्षांतच त्यांना जाणवलं की आपलं शिक्षण अपुरं आहे. रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकले. हेलिगोलँड बेटावर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायात कडी कशी घालतात, तेही तिथं पाहिलं.

1930 मध्ये परत आले तर म्युझियममधली जागाच पैशाअभावी रद्द झालेली. वय 33, घरात बायको, हातात नोकरी नाही. पदवी नाही ती नाहीच.

किहीमची सुगरण

मुंबईचा खर्च झेपेना, म्हणून दोघं अलिबागजवळच्या किहीम गावी तेहमिनांच्या घरच्या बंगल्यात राहायला गेले. पावसाळा सुरू झाला होता आणि घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सुगरण आपल्याकडेही आहे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला, शिंदीच्या झाडाला लोंबणारी ती घरटी मुलांनी पाहिलेली असतात. सगळे बघतात आणि पुढं जातात. सलीम अली आडोशाला बसले आणि महिनोन्‌महिने बघत राहिले. कुठलं घरटं कोणी बांधलं, कुठल्या दिवशी कोण आलं, कोण गेलं, सगळं वहीत.

त्यातून जे कळलं ते तोवर कुणी नीट मांडलं नव्हतं. घरटं नर बांधतो, पण अर्धंच. मग माद्या येतात आणि घर तपासतात. पसंत पडलं तर मादी तिथं राहते आणि मग नर ते पुरं करतो. तिनं अंडी घातली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत पडलेली घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. आपल्याकडे अर्धवट घरटं दिसलं की पोरं म्हणतात पावसानं मोडलं. दर वेळी तसं नसतं.

हा अभ्यास छापून आला आणि सलीम अलींचं नाव झालं. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, महागडं यंत्र लागलं नाही. लागला तो वेळ, वही आणि पक्ष्याला आपण असल्याची अडचण होणार नाही एवढं अंतर.

बंदूक आणि दुर्बीण

पुढची वीसेक वर्षं ते संस्थानांच्या मुलखात पक्ष्यांची पाहणी करत फिरले. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. संस्थानिकांनी खर्चाला पैसे द्यायचे आणि यांनी त्या मुलखातल्या पक्ष्यांची यादी व माहिती तयार करायची. बैलगाडी, तंबू, कंदील असा संसार. तेहमिना बरोबर असत. मुंबईच्या सुखवस्तू घरातली ती बाई रानात तंबूचा कारभार बघायची. 1939 मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी राहून त्यांनी काम चालू ठेवलं.

मुलांपासून एक गोष्ट लपवू नये. या पाहणीत सलीम अलीही पक्षी मारत. संग्रहासाठी नमुना घ्यायचा, मोजमाप करायचं, जातीची खात्री करायची, अशी तेव्हाची शास्त्राची पद्धत होती. पण त्यांचं लक्ष हळूहळू मेलेल्या पक्ष्याकडून जिवंत पक्ष्याकडे वळलं. तो काय खातो, कुठं झोपतो, जोडीदार कसा निवडतो, हे कपाटातल्या कातड्यावरून कळत नाही.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. राजस्थानात भरतपूरच्या महाराजांचं एक तळं होतं, केवलादेव. हिवाळ्यात तिथं उत्तरेकडून हजारो बदकं उतरत. पाहुण्यांसाठी तिथं शिकारीचा थाट असे. कुठल्या दिवशी किती पक्षी पडले, ते तिथं दगडावर कोरून ठेवलं आहे. त्यातला सर्वांत मोठा आकडा व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीचा आहे. एका दिवसात 4,273 पक्षी. तारीख 12 नोव्हेंबर 1938. त्या दिवशी सलीम अलींना 42 वर्षं पुरी झाली होती.

वर्गात हा आकडा फळ्यावर लिहा. 4,273. मग आपल्या शाळेचा पट त्याशेजारी लिहा.

1941 मध्ये सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र इंग्रजी पुस्तक निघालं. सामान्य माणसालाही खिडकीतला पक्षी ओळखता यावा, असं ते पुस्तक होतं. त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. हातातली बंदूक खाली ठेवून दुर्बीण घेणारी माणसं आपल्या देशात वाढली, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

कॅमेरावाला मित्र

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. सलीम अली छायाचित्रकार म्हणून ओळखले गेले नाहीत. त्यांची हत्यारं दुर्बीण आणि वही. पण त्यांच्या जवळच्या मित्रांत एक मोठा पक्षी-छायाचित्रकार होता. लोक वान थो हे त्याचं नाव.

लोक हे मलाया-सिंगापूरकडचे धनाढ्य चिनी गृहस्थ, पुढं तिकडचे चित्रपटगृहांचे आणि चित्रपटनिर्मितीचे मोठे उद्योजक. दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये जपानी सैन्य सिंगापूरवर चालून आलं, तेव्हा ते जहाजानं निघाले. वाटेत बॉम्ब पडून जहाज बुडालं. लोक वाचले, पण भाजले आणि काही काळ त्यांना दिसेनासं झालं. दृष्टी परत आली. आसऱ्यासाठी ते भारतात आले आणि मुंबईत सलीम अलींशी गाठ पडली. पक्ष्यांची आणि कॅमेऱ्याची आवड त्यांना होतीच, ती या संगतीत पक्की झाली. कच्छसह अनेक मोहिमांत ते सलीम अलींबरोबर फिरले, पुढच्या मोहिमांना पैसाही दिला. 1957 मध्ये त्यांचं पक्षी-छायाचित्रांचं पुस्तक निघालं. 1964 मध्ये तैवानमधल्या विमान अपघातात ते गेले.

तेव्हा पक्ष्याचा फोटो काढणं म्हणजे काय होतं, ते मुलांना सांगण्यासारखं आहे. कॅमेरा जड, तिवईवर ठेवायचा. आजच्यासारखी लांबून ओढून घेणारी भिंगं नव्हती, म्हणून जवळ जावं लागे. जवळ गेलं की पक्षी उडणार. यावर उपाय म्हणजे कापडाची लपणी. बांबूच्या चौकटीवर कापड ताणून छोटी खोली करायची. ती पहिल्या दिवशी लांब ठेवायची. पक्षी बुजला नाही तर दुसऱ्या दिवशी थोडी पुढं. असं करत करत काही दिवसांनी जवळ न्यायची. मग पहाटे आत जाऊन बसायचं. दोघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर पडून निघून जायचं, ही त्यातली जुनी युक्ती. पक्ष्याला माणूस गेला असं वाटतं. आत राहिलेल्यानं उकाड्यात, डासांत, न हलता तासन्‌तास बसायचं. फिल्म मोजकी. फोटो कसा आला ते धुतल्यावरच कळणार.

म्हणजे एका फोटोमागं कित्येक तासांचं निव्वळ बघणं असे. पक्षी कधी येतो, कुठल्या फांदीवर आधी बसतो, कशानं दचकतो, हे कळल्याशिवाय बटण दाबून उपयोगच नव्हता. आज मोबाइलमध्ये मिनिटाला पन्नास फोटो निघतात आणि एकदाही बघणं होत नाही.

अर्थात, त्या वेळचं सगळंच आज चालणार नाही. तेव्हा घरट्यापाशी फोटो काढणं ही नेहमीची रीत होती. त्यानं पक्षी घरटं सोडून जाऊ शकतात, म्हणून आता जाणकार मंडळी घरट्यावरचे फोटो टाळतात, आणि बऱ्याच स्पर्धा असे फोटो घेतही नाहीत.

रोहितांचं नगर

कच्छच्या महाराव विजयराजजींच्या सांगण्यावरून 1943-44 मध्ये सलीम अलींनी कच्छच्या पक्ष्यांची पाहणी केली. कच्छच्या मोठ्या रणात रोहित पक्ष्यांची विणीची जागा आहे. पाणी साचलेलं, खारट, खाली चिखल. मोटार चालत नाही, होडीला पाणी पुरत नाही. उंटावरून जायचं. 1945 मध्ये सलीम अली तिथं पोचले. नजर पोचेल तिथवर चिखलाच्या बुटक्या मनोऱ्यांची घरटी आणि लाखो रोहित.

उजनीच्या पाण्यावर भिगवणला रोहित बघायला आपल्यातले बरेच जण गेले असतील. तिथं ते खायला येतात. पण अंडी घालायला त्यांना अशी जागा लागते की जिथं पाणी बेताचं आहे आणि कोल्ह्या-कुत्र्याला सहज पोचता येत नाही. पाणी कमी झालं तर शत्रू चालत येतो, जास्त झालं तर घरटी बुडतात. कच्छात पाऊस बेताचा झाला नाही की त्या वर्षी वीणच होत नाही. पाणपक्ष्याचं सगळं आयुष्य असं पाण्याच्या पातळीवर टेकलेलं असतं.

पायातलं कडं

आपल्या रंकाळ्यावर, कळंब्यावर किंवा कागलच्या जयसिंगराव तलावावर हिवाळ्यात पाहुणी बदकं दिसली की मुलं विचारतात, ही कुठून आली? हा प्रश्न सलीम अलींनाही होता. हेलिगोलँडला पाहिलेली कडी घालण्याची पद्धत त्यांनी भारतात मोठ्या प्रमाणावर राबवली. 1960 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं ते काम वाढलं. कर्नाटकात क्यासनूर जंगलातला ताप नुकताच आढळला होता आणि पक्ष्यांबरोबर गोचिडी व रोग येतात का, हे शोधायचं होतं.

पक्षी अलगद पकडायचा, पायात हलकं धातूचं कडं घालायचं, त्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळवण्याची सूचना. मग सोडून द्यायचा. भरतपूरला कडी घातलेली बदकं पुढं सायबेरियात सापडली. ज्या तळ्यावर एका दिवसात चार हजार पक्षी मारले गेले, त्याच तळ्यावर आता पक्षी पकडून, नोंद करून सोडले जात होते.

हे तळं शिल्लक राहिलं त्यातही सलीम अलींचा वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर ते कोरडं करून शेतीला द्यावं अशी मागणी होती. सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंकडे शब्द टाकला. तळं वाचलं. 1982 मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1985 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

भरतपूरची चूक

थोर माणसाचं चरित्र सांगताना आपण चुका गाळतो. ही चूक मात्र वर्गात जरूर सांगावी.

भरतपूरच्या तळ्यात आसपासच्या गावांच्या म्हशी चरायला येत. म्हशींमुळे पक्ष्यांना त्रास होतो, त्या बंद कराव्यात, असं सलीम अलींचं मत होतं. जाणकारांना ते पटण्यासारखं होतं. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. गावकऱ्यांचा विरोध झाला, पोलिसांशी झटापट झाली, गोळीबारात माणसं मेली.

पुढं काय झालं? म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं पॅस्पॅलम नावाचं गवत बेसुमार माजलं. उघडं पाणी कमी झालं. बदकांना पोहायला, मासे खाणाऱ्या पक्ष्यांना मासे धरायला जागा उरेना. पाणपक्ष्यांची संख्या घटली. म्हशी गवत खात होत्या म्हणून तळं मोकळं राहत होतं. कोल्हापूरच्या माणसाला म्हशीचं महत्त्व वेगळं सांगायला नको, पण तिचा पाणपक्ष्यांना असा उपयोग असेल हे भल्याभल्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

हे शोधून कोणी सांगितलं? सलीम अलींच्याच संस्थेनं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं. तिच्या शास्त्रज्ञांनी भरतपूरला सुमारे दहा वर्षं अभ्यास केला आणि 1991 च्या अहवालात हे मांडलं. तोवर सलीम अली हयात नव्हते. आपल्या संस्थेतल्या सर्वांत मोठ्या माणसाचं मत चुकलं, हे त्याच संस्थेनं नोंदी पुढं ठेवून सांगितलं. किहीमला सुगरणीच्या वहीपासून जी पद्धत सुरू झाली, तीच पद्धत गुरूची चूकही दाखवू शकली. मेलेली माणसं मात्र त्यानं परत आली नाहीत, हेही मुलांना कळू द्या. निसर्ग वाचवताना तिथल्या माणसांना विचारायचं राहून गेलं, तर किंमत मोठी पडते.

शेवटची वर्षं

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर सलीम अलींनी भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. पहिला खंड 1968 मध्ये आला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. 1974 मध्ये काम पुरं झालं. केरळमधलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणूनही त्यांनी आवाज उठवला. 1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. आंतरराष्ट्रीय पुरस्काराचे पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिले. 1985 मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली आणि त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. त्याचं नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच आहे. मोटारसायकलचं त्यांना भारी वेड. 1950 मध्ये स्वीडनच्या पक्षिशास्त्र परिषदेला जाताना आपली गाडी जहाजानं बरोबर नेली होती! 1987 मध्ये, नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांचं निधन झालं.

आज कोइमतूरची पक्षिसंशोधन संस्था आणि गोव्यात चोडण बेटावरचं पक्षी अभयारण्य त्यांच्या नावानं आहे.

वर्गात काय करता येईल?

1. पाच मिनिटं मोबाइल खिशात. पक्षी दिसला की आधी नुसतं बघायचं. तो काय करत होता, ते एका वाक्यात लिहायचं. मगच फोटो.
2. वहीत सहा रकाने. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या, काय करत होता. नाव माहीत नसेल तर रंग, चोच, पाय यांचं वर्णन. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा हे बरं.
3. पक्षी दचकला की आपण मागं. मान वर काढली, खाणं थांबवलं, ओरडायला लागला, म्हणजे आपण जास्त जवळ आलो.
4. घरटं दिसलं तर फोटो नाही, थांबणं नाही, जागा ग्रुपवर टाकणं नाही. अंडी हाताळणं, घरटं मोडणं हा कायद्यानं गुन्हा आहे.
5. एकच पाणवठा, वर्षभर. दर महिन्याला एकदा त्याच जागी जाऊन मोजणी. पाणी किती आहे तेही लिहायचं. वर्षअखेरीस आलेख काढता येतो, गणिताचा तासही होतो.
6. चर्चेचा प्रश्न. भरतपूरला म्हशी बंद करण्याआधी कोणाकोणाला विचारायला हवं होतं?

पालकांना विनंती. एमआयडीसीतल्या किंवा खाणीतल्या साचलेल्या पाण्याजवळ मुलांना एकटं पाठवू नका. खोली कळत नाही, आणि पाण्यात काय मिसळलं आहे तेही कळत नाही. शक्य असेल तर सुट्टीच्या दिवशी तुम्ही बरोबर जा. महागडा कॅमेरा घेऊन द्यायची गरज नाही. दहा रुपयांची वही पुरते.

जाता जाता, त्या मुलाचं सांगतो. यंदाच्या एप्रिलमध्ये त्यानं दुसऱ्या एका प्लॉटवर टिटवीची जोडी शोधली. या वेळी तो कंपाउंडच्या बाहेर रस्त्यावरच थांबला. रोज शाळेतून जाताना दोन मिनिटं. वहीत पंधरा-वीस दिवसांच्या नोंदी आहेत, अक्षर वाईट आहे. एकच फोटो काढला आहे. त्यात सगळी खडीच दिसते आणि मध्ये एक बारीकसा ठिपका. मोठा करून पाहिला तर कळतं, टिटवी अंड्यांवर बसलेली आहे.

तुमच्या शाळेत पक्षी सप्ताहात काय केलंत, ते जरूर कळवा.